स्वतःचा सर्व्हर की भाड्याचं व्हर्च्युअल मशीन? वेबसाइट कुठं ठेवायची याचं गणित समजून घ्या

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. दुपारी १ वाजता निकाल लागणार म्हणून १२:५५ पासूनच घरातले तीन मोबाईल आणि शेजाऱ्यांचा लॅपटॉप तयार. बैठक क्रमांक पाठ. आईचं नाव कोणत्या स्पेलिंगनं टाकायचं यावर वाद घालून झालेला. घड्याळात १ वाजतो आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं. फिरतच राहतं.

आता दुसरं चित्र बघा. एखाद्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. रोज सकाळी १० ला काउंटर उघडतं, संध्याकाळी ६ ला बंद होतं. सोमवारी जेवढे लोक, साधारण तेवढेच गुरुवारी. वर्षभर जवळपास एकच गती.

पहिल्या साइटवर वर्षातले दोन दिवस जत्रा असते आणि बाकी दिवस कुणी फिरकत नाही. दुसरीकडं गर्दी कमी, पण रोजची. दोघांनाही सर्व्हर लागतो, पण एकच सर्व्हर दोघांना परवडेल का? तर नाही.

कंपनी मोठी झाली, ॲप चालायला लागलं, होस्टिंगचं बिल वाढलं की प्रत्येकासमोर हा प्रश्न येतोच. स्वतःचं मशीन विकत घेऊन डेटा सेंटरमध्ये ठेवायचं, की क्लाउडवालं व्हर्च्युअल मशीन भाड्यानं घ्यायचं? चुकीचं उत्तर निवडलं तर दर महिन्याला लाखभर रुपये उगाच जातात. किंवा त्याहून वाईट, एके दिवशी सगळा डेटाच जातो.

म्हणून जरा सविस्तर बघू.

कोलोकेशन म्हणजे काय?

हा शब्द तुम्ही बहुतेक शेअर बाजाराच्या बातम्यांत ऐकला असेल. मुंबईच्या बीकेसीत असलेल्या एनएसईनं २००९-१० च्या सुमारास ब्रोकर्सना एक सोय दिली. तुमचा सर्व्हर आमच्याच आवारात आणून ठेवा, म्हणजे भावांची माहिती तुमच्यापर्यंत सगळ्यात लवकर पोहोचेल. पुढं काही ब्रोकर्सना इतरांच्या आधी माहिती मिळाल्याचे आरोप झाले. एप्रिल २०१९ मध्ये सेबीनं एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये आणि व्याज भरायचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपिलात सॅटनं तो आदेश बाजूला ठेवून १०० कोटी भरायला सांगितलं. त्या प्रकरणामुळं 'कोलोकेशन' हा शब्द बदनाम झाला, पण मूळ कल्पना साधी आहे.

बँकेचा लॉकर डोळ्यासमोर आणा. दागिने तुमचे, लॉकर बँकेचा. बँक तुम्हाला जाड दरवाजा, पहारा आणि कुलूप देते. आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवता.

कोलोकेशनमध्ये सर्व्हर तुमचा असतो. डेटा सेंटर तुम्हाला जागा, वीज, जनरेटर, एसी, इंटरनेटची लाइन आणि सुरक्षा देतं. तिथली उंच कपाटं म्हणजे रॅक. उंची 'यू' मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. साधारण रॅक ४२ यूचा असतो. तुम्ही एक यू घ्या, अर्धा रॅक घ्या नाहीतर अख्खा रॅक घ्या. भाडं जागेचं, विजेचं आणि इंटरनेटच्या वापराचं लागतं.

ठाणे-बेलापूर रोडनं गेलात तर ऐरोली, रबाळे, महापे भागात खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात. त्यातल्या बऱ्याच डेटा सेंटर आहेत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, मोठे ग्राहक मुंबईतच आहेत आणि विजेची खात्री आहे. म्हणून हा धंदा इथं फोफावला.

मग ऑफिसमध्येच टेबलाखाली का नाही ठेवायचा?

ठेवता येतो. पण हिशोब करा. ४०० वॉट खाणारा सर्व्हर २४ तास चालला तर दिवसाला ९.६ युनिट, म्हणजे महिन्याला २८८ युनिट वीज जाते. त्याला थंड ठेवणारा एसी वेगळा. लाईट गेली की इन्व्हर्टर किती वेळ तग धरणार? रस्ता खोदताना केबल तुटली तर? झाडूवाल्या मावशींनी चुकून प्लग काढला तर? हे सगळं टाळायचं म्हणून लोक डेटा सेंटरला पैसे देतात.

आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे?

एक मोठं, ताकदवान मशीन घ्यायचं आणि सॉफ्टवेअरनं त्याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला वाटतं की आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, मेमरी वेगळी, पासवर्ड वेगळा. हे तुकडे पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात.

कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९६० च्या दशकातच आपल्या मेनफ्रेमवर हे करून दाखवलं होतं. १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी सुरू झाली आणि हे तंत्र साध्या सर्व्हरवर आलं. २००६ मध्ये ॲमेझॉननं ईसी२ नावाची सेवा आणली. क्रेडिट कार्ड टाका, काही मिनिटांत मशीन चालू, तासाच्या हिशोबानं पैसे. नको झालं की बंद करा. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या पुण्यात क्लाउड केंद्र सुरू केलं, २०१६ मध्ये ॲमेझॉननं मुंबईत.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर व्हर्च्युअल मशीन हा तासावर घेतलेला ट्रॅक्टर आहे. नांगरणीपुरता बोलवा, पैसे द्या, विषय संपला. टायर फुटला तर मालक बघेल. पण ज्याच्याकडं रोज ट्रॅक्टरचं काम आहे, तो वर्षभर तासावर भाडं देत बसला तर त्या पैशात ट्रॅक्टर दारात उभा राहिला असता.

पैशाचं गणित करून बघू

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही स्वतःची कोटेशन मागवून त्या जागी टाका.

समजा, तुम्ही दोन सर्व्हर घेतले. दोन का? तर एक बंद पडला की दुसरा चालला पाहिजे. एकाची किंमत ६ लाख, म्हणजे एकूण १२ लाख. पाच वर्षं वापरायचे तर महिन्याला २० हजार पडले. जागा, वीज आणि इंटरनेटचं भाडं २५ हजार धरा. काही बिघडलं तर धावत जाणाऱ्या माणसाचे, म्हणजे अर्धवेळ सिस्टीम ॲडमिनचे २० हजार. बेरीज ६५ हजार.

आता तुमचं क्लाउडचं बिल बघा. ते ३० हजार असेल तर सर्व्हर विकत घ्यायचा विचार डोक्यातून काढून टाका. पण तेच काम क्लाउडवर दीड लाखाला पडत असेल तर? कोलोकेशनचा चालू खर्च ४५ हजार. म्हणजे महिन्याला १ लाख ५ हजार वाचतात आणि १२ लाखांची गुंतवणूक साधारण वर्षभरात वसूल होते. पुढची चार वर्षं फायदाच.

इथं लोक दोन चुका करतात.

पहिली चूक म्हणजे क्लाउडचा सगळ्यात महाग दर धरून तुलना करणं. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी घेतली तर ॲमेझॉन ७२ टक्क्यांपर्यंत सवलत देतं. तुमचं काम वर्षभर एकाच गतीनं चालत असेल तर तुलना या सवलतीच्या दराशी करा.

दुसरी चूक याच्या उलटी. लोक सर्व्हरची किंमत धरतात, माणसाची धरत नाहीत. रात्री ३ वाजता डिस्क गेली तर फोन कोण उचलणार? डेटा सेंटरवाले बटण दाबून देतात, केबल बदलून देतात, त्याला 'रिमोट हँड्स' म्हणतात आणि त्याचेही पैसे लागतात. पण डेटाबेस परत उभा करून देत नाहीत. तो माणूस तुमच्याकडं नसेल तर मशीन स्वस्त पडूनही उपयोग नाही.

बिलातला छुपा रुस्तम

क्लाउडच्या बिलात मशीनचं भाडं सगळ्यांना दिसतं. डेटा बाहेर जाण्याचे पैसे महिनाअखेरीस दिसतात.

ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाचा सुरुवातीचा दर एका जीबीला साधारण ११ सेंट आहे. आत येणारा डेटा फुकट, बाहेर जाणाऱ्याचे पैसे. तुमची साइट व्हिडिओची आहे आणि महिन्याला १० टीबी डेटा बाहेर जातोय असं धरा. बिल झालं साधारण ११०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ९० हजारांच्या पुढं. यात मशीनचं भाडं धरलेलंच नाही.

कोलोकेशनमध्ये बहुतेक वेळा लाइनचा वेग ठरवून महिन्याचे पैसे ठरतात. त्यामुळं फोटो, व्हिडिओ, मोठ्या फाइल वाटणाऱ्यांना तिथं बराच फरक पडतो. अर्थात, सगळे व्हर्च्युअल मशीनवाले जीबीवर पैसे घेत नाहीत. डिजिटल ओशनसारख्या कंपन्या मशीनच्या भाड्यातच ठराविक डेटा देतात. म्हणून दरपत्रकात ही ओळ आधी शोधायची.

ताकदीचा फरक कळतो का?

दरपत्रकात '८ व्हीसीपीयू' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं की आठ कोअर मिळाले. बहुतेक ठिकाणी एक व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरचा अर्धा हिस्सा, ज्याला थ्रेड म्हणतात. म्हणजे हातात आले चार कोअर. आठ कोअरच्या स्वतःच्या सर्व्हरशी याची तुलना केली तर ती सरळ सरळ फसते.

दुसरं म्हणजे शेजारी. वाड्यात एकच नळ असला आणि शेजाऱ्यानं टाकी भरायला घेतली की आपल्याकडं पाणी बारीक येतं. स्वस्तातल्या व्हर्च्युअल मशीनवर हे होतं. खालच्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम वाढलं की तुमचं काम हळू होतं. मोठ्या डेटाबेसला हे चांगलंच जाणवतं.

पण व्हर्च्युअल मशीनचा एक गुण असा आहे की त्याला तोड नाही. खालचं हार्डवेअर बिघडलं तर तेच मशीन दुसऱ्या हार्डवेअरवर काही मिनिटांत उभं राहू शकतं. निकालाच्या दिवशी दोनाची पन्नास मशीन करायची आणि संध्याकाळी परत दोनावर आणायची, हे स्वतःच्या सर्व्हरला जमत नाही. नवीन सर्व्हर मागवला तर तो यायला काही आठवडे जातात. तोवर ती गर्दी ओसरलेली असते.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं?

नेटफ्लिक्सची गोष्ट आधी. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला. त्यावेळी ते पोस्टानं डीव्हीडी पाठवायचे आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी स्वतःची डेटा सेंटर सोडून ॲमेझॉनच्या क्लाउडवर जायचं ठरवलं. काम पूर्ण व्हायला जानेवारी २०१६ उजाडलं.

पण गंमत पुढं आहे. तुम्ही प्ले दाबल्यावर जो व्हिडिओ येतो तो ॲमेझॉनकडून येत नाही. तो नेटफ्लिक्सनं स्वतः बनवून घेतलेल्या आणि जगभरच्या इंटरनेट कंपन्यांकडं ठेवलेल्या खऱ्याखुऱ्या मशीनमधून येतो. लॉगिन, शिफारसी असं कमीजास्त होणारं काम क्लाउडवर आणि रोजचं अवजड काम स्वतःच्या पेट्यांवर.

ड्रॉपबॉक्स उलटं गेलं. त्यांनी लोकांच्या बहुतेक फाइल ॲमेझॉनवरून काढून स्वतःच्या मशीनवर नेल्या. २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना त्यांनी दिलेल्या कागदपत्रांनुसार, दोन वर्षांत त्यांचा कामकाजाचा खर्च ७ कोटी ४६ लाख डॉलरनं कमी झाला.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती थर्टीसेव्हन सिग्नल्सची. बेसकॅम्प आणि हे नावाची ई-मेल सेवा चालवणारी ही छोटी अमेरिकन कंपनी. २०२२ मध्ये त्यांचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं, सुमारे ७ लाख डॉलरचे डेल सर्व्हर घेतले आणि २०२३ मध्ये ॲप्स हलवली. त्यानंतर क्लाउडचं वर्षाचं बिल १३ लाख डॉलरवर आलं.

हे वाचून लगेच सर्व्हर बुक करू नका. या कंपनीकडं अमेरिकेतल्या दोन डेटा सेंटरमध्ये आधीपासून रॅक होते आणि ते चालवणारी अनुभवी टीमही होती. त्यामुळं नवीन माणसं घ्यावी लागली नाहीत. दुसरीकडं, वर्षानुवर्षं मोजक्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट २०२५ मध्ये क्लाउडवर गेली. थोडक्यात, वारं दोन्ही बाजूंनी वाहतंय.

आणि सगळंच बंद पडलं तर?

ऑक्टोबर २०१२. सँडी वादळ न्यूयॉर्कवर आदळलं. मॅनहॅटनमधल्या एका इमारतीत डेटा सेंटर होतं. जनरेटर वर, पण त्याला डिझेल चढवणारे पंप तळघरात. तळघरात पाणी भरलं, पंप बंद. मग डेटा सेंटरचे कर्मचारी आणि ग्राहक कंपन्यांचे लोक डिझेलचे डबे हातात घेऊन अंधारात जिन्यानं १७ व्या मजल्यापर्यंत चढवत राहिले. सर्व्हर चालू राहिले, पण तुमच्या टीममध्ये अशी किती माणसं आहेत?

१० मार्च २०२१. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली, दुसरीचा काही भाग गेला. लाखो वेबसाइट बंद पडल्या. यात भाड्याचे फिजिकल सर्व्हर होते आणि व्हर्च्युअल मशीनही होती. आगीनं दोन्हींत फरक केला नाही. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा बॅकअपही गेला. 'रस्ट' या गेमच्या युरोपातल्या २५ सर्व्हरचा डेटा परत आलाच नाही.

मे २०२४. ऑस्ट्रेलियाचा युनिसुपर हा पेन्शन फंड, ६ लाखांवर सभासद. गुगल क्लाउडकडून झालेल्या एका चुकीमुळं त्यांचा प्रायव्हेट क्लाउडच पुसला गेला. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवलेली होती, पण दोन्ही एकाच प्रायव्हेट क्लाउडमध्ये, म्हणून दोन्ही गेल्या. वाचवलं कशानं? तर वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपनं.

आग, पूर आणि माणसाची चूक कोलोकेशनलाही गाठते आणि क्लाउडलाही. त्यामुळं डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी, हा जुना नियम दोन्हीकडं पाळायचा. आणि तो बॅकअप वर्षातून दोनदा तरी खरंच परत उभा करून बघायचा. कधीच उघडून न बघितलेल्या बॅकअपच्या भरवशावर झोपू नका.

मधला रस्ता आहे का?

आहे, आणि बऱ्याच जणांना तोच सोयीचा पडतो.

एक, भाड्याचा डेडिकेटेड सर्व्हर. अख्खं मशीन तुमच्या एकट्याचं, पण मालकी होस्टिंग कंपनीची. शेजाऱ्यांचा त्रास नाही आणि डिस्क गेली तर कंपनी बदलून देते. एकरकमी १२ लाख काढायची गरज नाही.

दोन, स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःची व्हर्च्युअल मशीन. 'फिजिकल की व्हर्च्युअल' हा प्रश्न खरं तर 'मालकी की भाडं' असा आहे. कोलोकेशनमध्ये ठेवलेल्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्ससारखं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं की त्याचे हवे तेवढे तुकडे पाडता येतात. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतलं आणि परवान्यांची पद्धत बदलली, तेव्हापासून या पर्यायाकडं वळणारे वाढलेत.

तीन, मिश्र पद्धत. रोजचं ठरलेलं काम स्वतःच्या मशीनवर, निकाल किंवा दिवाळी सेलची गर्दी क्लाउडवर.

मग ठरवायचं कसं?

कागद घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. गेल्या वर्षभरात सगळ्यात गर्दीच्या दिवशी आणि साध्या दिवशी वापरात किती पट फरक होता? दहापट असेल तर व्हर्च्युअल मशीन. दीडपट असेल तर स्वतःच्या मशीनचा विचार करा.

२. महिन्याला किती टीबी डेटा बाहेर जातो?

३. रात्री ३ वाजता सर्व्हरसाठी उठणारा माणूस आहे का? तो नोकरी सोडून गेला तर दुसरा आहे का?

४. पुढची तीन वर्षं हे काम नक्की चालणार आहे का? नवीन धंदा असेल तर पैसे मशीनमध्ये अडकवू नका.

५. डेटा कुठं ठेवायचा याचे नियम तुम्हाला लागू आहेत का? उदाहरणार्थ, पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. मुंबई-पुण्याच्या क्लाउड केंद्रातही तो ठेवता येतो, फक्त खातं उघडताना केंद्र तेच निवडलंय ना, ते तपासा.

पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या मशीनच्या बाजूनं आलं तरच कोलोकेशनची कोटेशन मागवा. तीनपैकी एकाचं जरी उलट आलं तरी सध्या भाड्याच्या मशीनवर थांबा आणि दर सहा महिन्यांनी हा कागद परत काढा. जी पतसंस्था आज ३० हजारांच्या बिलावर खूश आहे, तिच्या शाखा वाढल्या की तेच बिल तीन वर्षांत दीड लाखाचं होऊ शकतं. तेव्हा उत्तर बदलेल, आणि ते बदललंय हे वेळेत कळलं पाहिजे.